आर्टेमिस-१ चे उड्डाण दुसऱ्यांदा पुढे गेले: गळती काढून दुसऱ्याच दिवशी प्रयत्न का करत नाहीत?

खणभागकर (सांगली), ४ सप्टेंबर २०२२

नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेचे उड्डाण काल दुसऱ्यांदा थांबवण्यात आले. २९ ऑगस्टला तिसऱ्या क्रमांकाचे इंजिन पुरेसे थंड झाल्याचे संवेदक दाखवत नव्हता म्हणून ते थांबले, आणि काल द्रवरूप हायड्रोजन भरण्याच्या नळीच्या जोडापाशी गळती झाली म्हणून. आमच्या मंडळाने यंदा गणपतीपुढे याच अग्निबाणाचा देखावा केला असून काल रात्री पडद्यावर उड्डाण थेट दाखवण्याचेही जाहीर केले होते. आपल्या वेळेप्रमाणे उड्डाण रात्री ११ वाजून ४७ मिनिटांनी होते. पावणेनऊच्या सुमारास ते रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा गौरी बसवून, जेवणे उरकून माणसे नुकती घराबाहेर पडू लागली होती. देखाव्याच्या माहितीफलकाचे काम माझ्याकडे असल्यामुळे सगळ्यांना उत्तरे देण्याची पाळीही माझ्यावरच आली.

लोकांचे प्रश्न साधे होते, पण मला त्यांची नीट उत्तरे देता आली नाहीत. "एवढी मोठी अमेरिका, आणि एका नळीची गळती थांबवता येत नाही?" हा पहिला. यानात माणसे नाहीत, फक्त पुतळे आहेत, मग थोडा धोका पत्करायला काय हरकत होती, हा दुसरा. आणि मला स्वतःला पडलेला तिसरा प्रश्न असा की चंद्र तर रोजच आकाशात असतो, मग उड्डाणाची सध्याची मुदत ६ सप्टेंबरला संपते आणि त्यानंतर थेट १९ सप्टेंबरलाच पुढची उघडते, हे गणित नेमके कशावर ठरते? विसर्जनापर्यंत फलक रोज वाचला जाणार आहे, म्हणून जाणकारांनी शक्य तितक्या खुलाशाने लिहावे ही विनंती.

थंडहवा (तासगाव), ५ सप्टेंबर

मी अवकाशशास्त्राचा अभ्यासक नाही. बेदाण्याच्या शीतगृहात अमोनियाच्या यंत्रणेची देखभाल हे माझे काम आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नावर थोडे अधिकाराने लिहू शकतो.

आमच्याकडे नळीच्या सांध्यातून वायू सुटल्याची शंका आली की गंधकाची कांडी पेटवून सांध्याभोवती हळूहळू फिरवतात. गळती असेल तिथे अमोनिया त्या धुरात मिसळून दाट पांढरा धूर उठतो आणि जागा सापडते. मुळात अमोनियाला इतका उग्र वास आहे की कांडी आणण्याआधीच नाक सांगते. मग यंत्रणेचा तेवढा भाग बंद करायचा, नट सोडायचे, गॅसकेट बदलायचे, पुन्हा आवळायचे. अर्ध्या दिवसाचे काम.

आता तिकडची स्थिती पाहा. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. रेणू अतिशय लहान असल्यामुळे बहुतेक दुसरे वायू अडतील अशा फटीतून तो निघून जातो. त्यातून इतक्या थंडीत धातू आकसतो, सीलही आकसते, पण दोन्ही सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. म्हणून कोरड्या, कोमट स्थितीत तपासताना घट्ट असलेला जोड इंधन वाहू लागल्यावर गळू शकतो. परवा गळलेला जोड आठ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या नळीचा आहे. त्यांनी परवा तीन वेळा उपाय केले. प्रवाह थांबवून जोड थोडा गरम होऊ दिला आणि पुन्हा थंड केला, जेणेकरून सील जागेवर बसावे. हेलियमचा दाब देऊनही पाहिले. जोडाभोवतीच्या बंदिस्त जागेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही असा नियम आहे, कारण तिथून पुढे हवेतला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. परवा ते प्रमाण या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट झाले होते. उड्डाण थांबवण्याला यापेक्षा सबळ कारण लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा फरक मात्र वेगळाच आहे आणि तो बातम्यांत फारसा सांगितला जात नाही. आमचा सांधा बोल्टने कायमचा आवळलेला असतो. त्यांचा जोड शेवटच्या क्षणापर्यंत घट्ट राहायला हवा आणि अग्निबाण उठताच स्वतःहून सुटायलाही हवा. हवा तेवढा आवळून ठेवण्याची सोयच तिथे नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयत्न का नाही, याचेही उत्तर यातच आहे. मुख्य टप्प्याच्या टाक्यांत सुमारे २० लाख लिटर हायड्रोजन आणि ७ लाख ४० हजार लिटर ऑक्सिजन मावतो. उड्डाण थांबले की हे सगळे परत काढून घ्यायचे, टाक्या आणि नळ्या निर्धोक करायच्या, मगच माणूस त्या जोडापर्यंत पोहोचतो. त्यानंतर सील बदलणे आले, आणि बदललेले सील चालते की नाही हे पाहायचे तर पुन्हा तितकीच थंडी निर्माण करायची. हे रात्रीत उरकणारे काम नव्हे.

यवतेश्वर (सातारा), ७ सप्टेंबर

तासगावकरांनी गळतीचा विषय इतका नीट मांडला आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा खणभागकरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे आकाशात तो रोज सुमारे १३ अंश पुढे सरकतो. अग्निबाण आज चंद्र दिसतो तिकडे सोडत नाहीत. काही दिवसांनी तो जिथे असेल त्या जागेचा वेध घेऊन सोडतात. उड्डाणानंतर सुमारे दीड तासाने वरच्या टप्प्याचे इंजिन बराच वेळ चालवून यानाला चंद्राकडे ढकलायचे असते. हा धक्का कक्षेतल्या नेमक्या कोणत्या जागी द्यायचा हे चंद्राच्या स्थानावर अवलंबून असते, आणि वरच्या टप्प्याच्या ताकदीला मर्यादा असल्यामुळे महिन्यातले काही दिवस त्या ताकदीत बसतच नाहीत. ही झाली पहिली चाळणी.

दुसरी चाळणी सूर्यप्रकाशाची. अग्निबाणावरच्या ओरायन या यानाला वीज मिळते ती सौरपंखांतून. प्रवासात ते एका वेळी दीड तासापेक्षा अधिक काळ सावलीत राहता कामा नये, अशी अट आहे. ज्या दिवशी निघाल्यास पुढे कुठेतरी पृथ्वीची किंवा चंद्राची सावली त्याहून लांब पडणार असेल, तो दिवस यादीतून वगळला जातो. तिसरी चाळणी परतीची: यान प्रशांत महासागरात दिवसाउजेडी उतरायला हवे, म्हणजे ते शोधून ताब्यात घेणाऱ्या पथकाला काम करता येते. या चाळण्यांतून उरलेले दिवस म्हणजे २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, १७ ते ३१ ऑक्टोबर, अशा मुदती. त्यांतल्याही काही तारखा मधूनच गळतात.

यातली गंमत अशी की निघण्याचा दिवस बदलला की प्रवासाची लांबीही बदलते. २९ ऑगस्टला यान निघाले असते तर ४२ दिवसांनी, १० ऑक्टोबरला परतले असते. ३ सप्टेंबरला निघाले असते तर ११ ऑक्टोबरला. पाच दिवस उशिरा निघून परतीत फरक एकाच दिवसाचा. फलकावर हे लिहाच, कारण मुले अशा गणितापाशी हमखास थांबतात.

खगोलाशी संबंध नसलेली एक अडचणही आहे. अग्निबाण भरकटला तर त्याला हवेतच नष्ट करणारी यंत्रणा त्यावर बसवलेली असते आणि तिच्या विजेऱ्यांची तपासणी ठरावीक मुदतीत करावी लागते. ही मुदत मुळात २० दिवसांची होती, ती २५ दिवसांपर्यंत वाढवून देण्यात आली. मात्र ही तपासणी अग्निबाण जोडणीच्या इमारतीत परत नेल्याशिवाय होत नाही. नासाने सील प्रक्षेपणतळावरच बदलायचे ठरवले आहे, आणि ते योग्य आहे असे माझे मत आहे. इमारतीत नेले तर तिथे अतिशीत इंधन भरून चाचणी घेता येत नाही.

प्रीतिसंगम (कराड), ७ सप्टेंबर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण दोन्हींत नासाविषयी जरा जास्तच सहानुभूती दिसते. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि मला हा उशीर इतका निरागस वाटत नाही.

अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानुसार हा अग्निबाण २०१६ च्या अखेरीस तयार व्हायचा होता. नासाच्याच महानिरीक्षकांनी या वर्षी मार्च महिन्यात तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितले की सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाचा खर्च ४.१ अब्ज डॉलर असेल. त्यातही इंजिने नवी नाहीत. पूर्वी स्पेस शटल या नासाच्या जुन्या अवकाशयानांवर उडालेली इंजिने आता एकदाच वापरून समुद्रात टाकली जाणार आहेत. हायड्रोजनची गळती हा तर शटलचा जुनाच आजार होता. १९९० च्या उन्हाळ्यात कोलंबिया आणि अटलांटिस ही दोन्ही याने याच कारणामुळे अडकून पडली होती आणि कोलंबियाचे ते उड्डाण अखेर डिसेंबरात झाले. तीस वर्षांपूर्वीचे दुखणे माहीत असताना तोच मार्ग निवडला, तर नशिबाला दोष देता येणार नाही.

माझा मुख्य आक्षेप सरावाविषयी आहे. इंधन भरून उलटगणती करण्याचा सराव एप्रिलमध्ये तीनदा अपुरा राहिला. २० जूनला उलटगणती २९ सेकंदांपर्यंत आली, पण त्याही वेळी हायड्रोजनच्या एका जोडातून गळती होतीच, आणि तिच्यामुळे इंजिने थंड करण्याची चाचणी घेता आली नाही. तरीही सराव पुरेसा झाला असे जाहीर करून टाकले. मग २९ ऑगस्टला नेमकी तीच पायरी अडली, यात आश्चर्य ते काय? सरावात करायचे काम उड्डाणाच्या दिवशी पहिल्यांदा केले गेले. शिवाय ३ तारखेला चुकीच्या आज्ञेमुळे हायड्रोजनच्या नळीत काही क्षण ठरल्यापेक्षा सुमारे तिप्पट दाब गेला, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. गळती त्यामुळेच झाली असे ते म्हणत नाहीत, परंतु ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मिरजकर, ७ सप्टेंबर

उड्डाण थांबल्यावर हळहळणाऱ्यांनी चांद्रयान-२ आठवावे. १५ जुलै २०१९ ला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उड्डाण होते, आणि ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असताना उलटगणती थांबली. आम्ही मंडळी जागीच होतो. आठ दिवसांच्या आत, २२ जुलैला दुपारी ते झाले, आणि चंद्राभोवतीच्या फेऱ्यांचे दिवस कमी करून इस्रोने चंद्रावर उतरण्याची ७ सप्टेंबर ही तारीख हलू दिली नाही. उतरताना विक्रमचे काय झाले हा वेगळा विषय आहे, पण उशीर भरून काढण्याचे ते नियोजन अप्रतिम होते. ६ ऑगस्टला यानाची पृथ्वीभोवतीची कक्षा शेवटची वाढवली गेली, तेव्हा मात्र सांगली-मिरजेत कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. महापूर आला होता आणि आम्ही सगळे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारत होतो.

खणभागकर (सांगली), ८ सप्टेंबर

सर्वांचे मनापासून आभार. अग्निबाण उठताना सुटणारा जोड आणि सावलीची अट, या दोन गोष्टी कालच फलकावर चढवल्या आणि यवतेश्वर सर म्हणाले तसेच झाले: ४२ दिवसांच्या गणितापाशी मुले थांबतात आणि बोटांवर दिवस मोजून पाहतात. कराडच्या मित्रांचा आक्षेपही मी लिहिला आहे. मंडळातल्या दोघा-तिघांना तो रुचला नाही, देखाव्यासमोर टीका कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी तो ठेवलाच.

यानात माणसे नसताना धोका पत्करायला काय हरकत, हा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिला आहे.

यवतेश्वर (सातारा), ८ सप्टेंबर

त्या प्रश्नाला आणि प्रीतिसंगम यांच्या आक्षेपाला एकत्रच उत्तर देतो.

माणसे नाहीत हे खरे, पण हा सबंध अग्निबाण एकच आहे. सुमारे ९८ मीटर उंचीचा तो ढाचा इंधनासह तळावरच पेटला तर यान जाईलच, पण ३९-ब हा प्रक्षेपणतळ आणि फिरता मनोराही जाईल. पुढच्या मोहिमेत माणसे पाठवायची ती याच तळावरून. शिवाय या उड्डाणाचा हेतूच मुळी चाचणी हा आहे. गळका जोड घेऊन ते यशस्वी झाले, तर त्यातून शिकायला काय मिळाले? गळती असतानाही उडता येते, एवढेच. आणि हा फार वाईट धडा आहे.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. २८ जानेवारी १९८६ च्या आधी चॅलेंजर या शटलयानाचे उड्डाण अनेकदा पुढे गेले होते आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांतून टिंगल चालली होती. थंडीत जोडांतल्या रबरी कड्या ताठर होतात, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगूनही उड्डाण झाले आणि ७३ सेकंदांत सात माणसे गेली. त्याआधीच्या उड्डाणांतही त्या कड्या जळाल्याचे दिसले होते. पण यान सुखरूप परत येत गेले, म्हणून ती जळण चालण्यासारखी ठरत गेली.

म्हणूनच प्रीतिसंगम यांचा सरावाविषयीचा मुद्दा मला पटतो. अपुरा सराव पुरेसा मानणे हे त्याच वाटेवरचे पहिले पाऊल आहे, आणि त्याबद्दल टीका व्हायलाच हवी. खर्चाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे, कारण खर्च मोठा आहे म्हणून उशीर वाईट असे मानले की उड्डाण रेटण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. उड्डाण किती दिवसांनी लांबले याला मी फारसे महत्त्व देत नाही. थांबण्याचे कारण सापडले का आणि ते पुढच्या वेळी प्रत्यक्ष तपासले का, एवढेच मी पाहतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जीएसएलव्ही-डी५ या आपल्या अग्निबाणाचे उड्डाण ७४ मिनिटे उरली असताना दुसऱ्या टप्प्यातील इंधनगळतीमुळे थांबले होते. इस्रोने नुसती गळती बुजवली नाही. त्या टाकीचा मिश्रधातूच बदलला आणि ५ जानेवारी २०१४ ला आपल्या स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह ते उड्डाण यशस्वी झाले. उशीर चार-साडेचार महिन्यांचा होता. आज त्याची तक्रार कोणी करत नाही.

थंडहवा (तासगाव), २२ सप्टेंबर

सील बदलताना जुन्या सीलवर पाव मिलिमीटरहूनही कमी खोलीची एक खूण सापडली. बारीक कण अडकून ती पडली असावी, असे नासाचे म्हणणे आहे. आमच्या कामात एवढी खूण नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही, आणि अमोनियाच्या दाबाला ती चालूनही जाते. हायड्रोजनला चालत नाही.

काल त्यांनी इंधन भरण्याची पूर्ण चाचणी घेतली. याच जोडातून सुरुवातीला पुन्हा गळती झाली होती, ही बाब मला महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रवाह थांबवला, जोड गरम होऊ दिला, पुन्हा थंड केला, आणि या वेळी तो बसला. इंधन भरण्याचा वेग आणि दाब दोन्ही मुद्दाम कमी ठेवले होते. म्हणजे निम्मा गुण नव्या सीलचा आणि निम्मा सावकाशीचा. इंजिने थंड करण्याची जूनमध्ये राहून गेलेली पायरीही कालच पार पडली.

प्रीतिसंगम (कराड), २७ सप्टेंबर

आजचा प्रयत्न इयान चक्रीवादळामुळे रद्द झाला असून अग्निबाण इमारतीत परत नेला आहे. या उशिराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. विजेऱ्याही या निमित्ताने तपासून होतील.

थंडहवा (तासगाव), १६ नोव्हेंबर

आज दुपारी आपल्या वेळेप्रमाणे १२ वाजून १७ मिनिटांनी आर्टेमिस-१ निघाले. कंप्रेसरखोलीत मोबाइलवर पाहिले.

बातम्यांत आगीच्या लोळाचीच चित्रे फिरतील, म्हणून त्याआधी घडलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. टाक्या भरल्यानंतर हायड्रोजनच्याच वेगळ्या एका झडपेपाशी गळती दिसली. ही झडप अग्निबाणावर नसून खालच्या मनोऱ्याच्या तळात आहे. तेव्हा तीन जणांचे पथक, इंधनाने भरलेल्या अग्निबाणाखाली जाऊन, त्या झडपेचे पॅकिंग नट आवळून आले. बाकी उशीर रडारच्या जाळ्यातील एका बिघडलेल्या उपकरणामुळे झाला आणि एकूण ४३ मिनिटांत निभावले. त्या तिघांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. तरीही माझ्या हाताखालच्या माणसाला मी भरलेल्या यंत्रणेपाशी पाना घेऊन पाठवणार नाही, आणि पुढच्या मोहिमेपर्यंत ही झडप दुरून आवळता येईल अशी सोय त्यांनी केली पाहिजे, असे मला वाटते.

यवतेश्वर (सातारा), १६ नोव्हेंबर

तुमच्याशी सहमत आहे. आजच्या तारखेमुळे मोहीम आता ४२ ऐवजी सुमारे साडेपंचवीस दिवसांची झाली असून यान ११ डिसेंबरला परतेल. ते वातावरणात शिरताना त्याचा वेग ताशी सुमारे ४० हजार किलोमीटर असेल, आणि त्या उष्णतेत यानाचे उष्णतारोधक कवच टिकते का, ही या मोहिमेची सर्वांत मोठी चाचणी आहे. आपल्याकडे तेव्हा रविवारी रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतील, त्यामुळे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सोमवारच्या कामाची सोय आधीच करून ठेवावी.